आई एकटीच हसली

काल रात्री रेडिओवर कुणीही काही बोलत नसताना आई हसली. आज दिवसभर तेच डोक्यात आहे.

'संशयकल्लोळ' लागलं होतं, तासाभराचं नभोनाट्य. रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेवढंच त्याची बायको कृत्तिका बघते. स्टेजवर हा सगळा बघण्याचा खेळ. रेडिओवर बांगड्या वाजल्या, मग क्षणभर काहीच नाही. तेवढ्यात आई खुदकन हसली. म्हणाली, "पळे, आतां ती तसबीर उखलतली." म्हणजे बघ, आता ती रेवतीच्या हातून पडलेली तसबीर उचलेल.

मी शेजारीच बसलो होतो, पण मला काही दिसलं नाही. आई गोव्यातल्या शिरोड्याला होती, कामाक्षीच्या देवळाच्या प्राकारात, चटईवर, मावशी आणि सगळ्या चुलतबहिणींच्या गर्दीत. मध्यरात्री सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालायचं म्हणे. माझ्या वाट्याला तशी एकही रात्र आली नाही, आणि आता येईल असंही वाटत नाही. वाईट वाटलं ते स्वतःसाठीच. नाना असते तर तेही तिथेच हसले असते. असो.

'मृगनयना रसिकमोहिनी' जेमतेम सुरू झालं आणि आटोपलं. स्टुडिओत वन्समोर कोण देणार? मला पदापेक्षा त्या हशा-टाळ्यांची उणीव जास्त लागली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग 1931 च्या नाताळपासून थिएटरातून थेट रेडिओवर ऐकवू लागले, टाळ्यांसकट, आणि पुढे अख्खेच्या अख्खे. घरी एकट्यानं ऐकणाऱ्यालाही आपण प्रेक्षकांत बसलोय असं वाटत असणार. आपलं नभोनाट्य माइकसमोर होतं, समोर प्रेक्षकच नसतो. म्हणून आईचं हसू घरात तसं एकटं पडलं.

मग आठवलं, गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक आधी पदांशिवायच लिहिलं होतं. 1893 चं 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. पदं घालून त्याचं 'संशयकल्लोळ' झालं ते 1916 साली. त्याच्याही मागे मोलिएरचं फ्रेंच प्रहसन. इतक्या घरांतून फिरून आलेली गोष्ट रेडिओच्या एका तासातही नांदेल. पदं कापली याचा राग तिथे जरा निवळला. पूर्ण नाही.

सकाळी आई विळीवर नारळ खवत होती, तेव्हा मी विचारलं, कृत्तिका नेमकी कुठे असते? तिनं हातातल्या वाटीनंच जागा दाखवल्या. इथे रस्ता, तिथे खिडकी, रेवती पडते ती इथे, आणि तसबीर हातातून सुटते ती अशी. खोबऱ्याचा कीस जमिनीवर सांडला, तिचं लक्ष नव्हतं. अर्धवट कापलेलं ते पदही तिनं पुरं म्हटलं. आवाज वर चढेना, तरी तान सोडली नाही. मी "वन्समोर" म्हटलं, तर तिनं खरंच पुन्हा पहिल्यापासून धरलं.

दुपारी शिरोड्याहून मावशीचा फोन आला. तिनंही काल रेडिओ लावला होता. तीही तिथेच हसली होती, बांगड्यांनंतर. दोघी त्या एका जागेवरून इतका वेळ बोलत बसल्या की भात गार झाला. शेवटी मी माझं ताट वाढून घेतलं आणि फोन स्पीकरवर टाकायला सांगितलं.