आमची वाटचाल : मागचं कुरण

रोपवाटिकेसाठी जागा घेतली तेव्हा ती गरजेपेक्षा मोठी होती. पुढे वाढायचं म्हणूनच तेवढी घेतली होती. पुढच्या भागात सावलीची जाळी, कलमांचे वाफे, माती-खत कालवायची शेड आणि आमचे मातृवृक्ष, म्हणजे कलमांसाठी काड्या ज्यांच्यावरून घेतो ती झाडं, बसले, आणि मागे सव्वा एकर गवत उरलं. धंदा वाढला, पण मागे सरकला नाही. दरवर्षी ते गवत कापण्यात माणसांचे दिवस जायचे, आणि कापलं नाही तर तणांचं बी वाऱ्याबरोबर थेट आमच्या कुंड्यांत येऊन पडायचं. ९ वर्षं आमच्या वहीत ती पट्टी फक्त खर्चाच्या बाजूला होती.

मग एक तरुण मुलगा विचारायला आला. दुसऱ्याच्या कळपावर राबून, मजुरीच्या बदल्यात कोकरं घेऊन त्यानं स्वतःच्या १२ मेंढ्या जमवल्या होत्या. जमीन मात्र नव्हती. दादाला, म्हणजे माझ्या भावाला आणि भागीदाराला, कल्पना लगेच पटली. गवत आपोआप कापलं जाणार, वर भाडंही येणार. मलाही तेवढंच दिसलं होतं.

त्या मुलानं भाड्याचा विषय काढला नाही. तो आधी कुंपणाच्या कडेनं पूर्ण चालून आला, दोन-तीन ठिकाणी बसून गवत हातानं बाजूला करून बुडखे पाहिले आणि मग विचारलं, "ताई, इथं वर्षभरात काय फवारलंय?"

गवतावर काहीच नाही, मी म्हणाले. पलीकडच्या वाफ्यांवर बोर्डो मिश्रण असतं, बुरशीसाठी. "मोरचूद आणि चुना ना?" तो थांबला. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि मेंढीला तांबं सोसत नाही, हे मला त्या दिवशी त्याच्याकडून कळलं. गाय जेवढं सहज पचवते तेवढंही मेंढीच्या अंगावर येतं. ते यकृतात साठत जातं, बरेच दिवस बाहेरून काही दिसत नाही, आणि मग एखाद्या दिवशी ते एकदम रक्तात उतरतं. डोळे पिवळे पडतात, लघवी गडद होते आणि जनावर हातचं जातं. आम्ही इतकी वर्षं मोरचूद वापरत होतो, पण त्याचा वारा कुठे जातो याचा विचार केला नव्हता. वाफे आणि कुरण यांमध्ये पंधरा पावलांची पट्टी मोकळी सोडायची, वारा कुरणाकडे असेल त्या दिवशी फवारायचं नाही, हा आमचा पहिला नियम तिथं झाला. कागद व्हायच्या आधी.

कागद मात्र आम्ही चुकीचा केला. एका हंगामापुरता, चार ओळींचा. पुढचं पुढे बघू, असं म्हणून.

त्या हंगामात मेंढ्या सगळं कुरण मोकळ्यानं चरल्या. पाणी एकाच कोपऱ्यात, आमच्या नळापाशी, म्हणून कळप तिथेच घुटमळायचा. मेंढीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कठीण हिरडी असते. वरचा ओठ मधोमध चिरलेला असल्यानं ती तोंड थेट जमिनीला लावून खाते, गाईपेक्षा कितीतरी खोलवर. नळाजवळचं गवत मातीला टेकलं आणि लांबच्या टोकाला ते जरड होऊन तसंच उभं राहिलं. मी रागावून त्याला बोलावलं. तुला मेंढ्यांतलं कळतं म्हणालास, मग हे काय?

तो शांतपणे म्हणाला, "ताई, जाळी लावून सहा भाग करायला हवेत. पण जाळीला पैसा लागतो. हंगाम संपल्यावर मी इथे असेन की नाही, मलाच माहीत नाही. भाडं कमी करू नका. मुदत द्या."

या वाटचालीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच वाक्य. ज्याच्याकडे जमीन नाही त्याचं सगळं भांडवल चार पायांवर उभं असतं. मेंढी पाच महिने गाभण असते, मग कोकरू अंगावर पितं, मग ते वाढतं. हे सगळं कुणाच्या तरी गवतावर व्हायचं असतं. आम्ही त्याला जागा दिली होती, पण उद्या दिला नव्हता. उद्याची खात्री नसलेला माणूस दुसऱ्याच्या कुंपणात पैसा कशाला घालील?

त्या रात्री आम्ही तिघं हिशोबाला बसलो. ५० किलोच्या मेंढीला दिवसाला साधारण दीड किलो सुका चारा लागतो. कोवळ्या गवतात पाचातले चार भाग पाणीच, म्हणजे ओलं गवत साडेसात किलो. १२ मेंढ्यांचं रोजचं ९० किलो. कुरण तेवढं रोज देईल का, हे त्या वेळच्या वाढीवर. एकरी अमुक मेंढ्या असा आकडा जो कुणी ठामपणे सांगतो, त्यानं गवताला विचारलेलं नसतं.

मुदत ५ वर्षांची केली. जाळी निम्मी आमची, निम्मी त्याची. पाण्याची नळी आम्ही मधोमध नेली, म्हणजे कुठल्याही भागातून पोचता येईल. कुरणाच्या कडेच्या मातृवृक्षांच्या खोडांना जाळीचे पिंजरे बसवले, कारण मेंढ्या साल सोलतात आणि साल गोल सोलली गेली की झाड वाळतं. कळप एका भागात ५ दिवस, मग पुढे. पहिल्या भागाला २५ दिवसांची विश्रांती मिळते. गवत चार बोटांखाली गेलं तर ५ दिवस व्हायच्या आधीच हलवायचं. ते फक्त गवत लवकर फुटावं म्हणून नाही. जंतांची अंडी लेंड्यांतून पडतात, उबदार ओलाव्यात आठवड्याभरात त्यांच्या अळ्या पुन्हा पोटात जायला तयार होतात, आणि त्यातल्या बहुतेक गवताच्या बुडाशीच असतात. २५ दिवसांत गवत सावरतं, अळ्या सगळ्या मरत नाहीत. म्हणून तोंड बुडापर्यंत जाऊ द्यायचं नाही. तरीही तो दर आठवड्याला पापण्या उलटून बघतो. आतला भाग लालसर हवा. फिका पडला की रक्त पिणारे जंत वाढलेत, आणि मग औषध त्याच मेंढीला, सरसकट कळपाला नाही. सगळ्यांना सारखं औषध देत गेलं की जंत त्याला जुमानेनासे होतात.

दुसऱ्या वर्षी जे झालं ते लिहायला जड जातं, पण चूक आमची होती. कुंपणाला लागून कण्हेरीची छाटणी चालली होती. नव्या कामगारानं फांद्या उचलून पलीकडे टाकल्या. पूर्वी आम्ही सगळेच तसं करायचो, त्याला वेगळं कुणी सांगितलंच नव्हतं. हिरवी कण्हेर कडू म्हणून जनावर सहसा टाळतं, पण सुकलेला पाला खाऊन जातं, आणि विष सुकल्यावरही तसंच राहतं. थेट हृदयावर जातं. दोन मेंढ्यांनी तो खाल्ला. पशुवैद्य आले, एक वाचली. दुसरी गाभण होती.

मी त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. त्यानं मला दोष दिला नाही, फक्त विचारलं की अजून कुठे फांद्या पडल्यात का. मग आम्ही सगळे, कामगारांसकट, अंधार पडेपर्यंत गवतातून एकेक पान वेचत फिरलो. मेंढीची आणि पोटातल्या कोकराची भरपाई आम्ही दिली. तो नको म्हणत होता. दादानं ऐकलं नाही.

करार त्यानंतर पुन्हा लिहिला, आणि आता तो चार पानांचा आहे. कुठली झाडं कुंपणाजवळ लावायची नाहीत, छाटणीचा ढीग कुठे करायचा, फवारणीच्या आदल्या दिवशी त्याला कळवायचं, जास्तीत जास्त जनावरं किती, कुंपण फाटलं तर कुणी आणि किती दिवसांत शिवायचं, मेलेल्या जनावराची विल्हेवाट कुणी लावायची, गेटची दुसरी किल्ली कुणाकडे. आणि एक कलम मी स्वतः घातलं : काहीही कारण असो, मेंढ्या व्यायच्या दिवसांत जागा रिकामी करायला सांगायचं नाही. नोटीस दिली तरी कोकरं दूध सोडेपर्यंत ती लागू होणार नाही.

रात्रीच्या वाड्यातल्या लेंड्या तो आम्हाला देतो. त्या चांगल्या गरम कुजवल्याशिवाय वापरत नाही, नाहीतर तणाचं बी कुंडीत उगवतं. आमच्या मिश्रणातलं निम्मं खत आता तिथलं असतं. गवत कापायला शेवटचा माणूस लावला त्याला तीन वर्षं झाली.

कण्हेरीची सगळी रोपं आम्ही रस्त्याकडच्या बाजूला हलवली. मुदतीचं एक वर्ष उरलंय, पण पुढच्या ५ वर्षांचा कागद आम्ही आत्ताच तयार ठेवलाय. परवा तो वाचायला घेऊन गेला. अजून सही झालेली नाही, कारण तीन मेंढ्या व्यायला आल्यात आणि तो रात्री वाड्यातच झोपतोय.