गाणं नक्की कुणाचं?

आमच्या सांगलीत अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमन म्हटलं की लोक 'कोण हो हा?' असंच विचारतात, त्यामुळं मी हेडफोन लावून गुपचूप ऐकतो. या माणसाचं 'ग्रेसलँड' हा अल्बम १९८६ चा, पण ते बनलं कसं ते भारी आहे. १९८५ ला हा दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला गेला, तिथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत नुसतं वाजवून घेतलं, टेपा न्यूयॉर्कला आणल्या आणि शब्द मग सावकाश त्या ठेक्यावर बसवले. आमच्या गल्लीतलं भजनी मंडळ काय वेगळं करतंय, सिनेमाची चाल आधी आणि अभंग मागनं, मग एखाद्या ओळीत 'विठ्ठला' चांगला दोन मात्रा ताणावा लागतो तर ताणायचा. वर्णभेदामुळं जगानं त्या देशावर बहिष्कार टाकलेला असताना तिकडं गेला म्हणून त्याला शिव्या पण खूप पडल्या, तो वाद वेगळा आणि मोठा आहे.

मला खटकतं ते गाण्यावर नाव कुणाचं लागतं त्याचं. १९६५ च्या आसपास लंडनमध्ये सायमन मार्टिन कार्थी या इंग्रज लोकगायकाकडनं 'स्कारबरो फेअर' हे जुनं लोकगीत त्याच्या बांधणीत शिकला, रेकॉर्डवर कार्थीचं नाव नाही, कार्थी कित्येक वर्षं नाराज होता. शेवटी २००० साली लंडनलाच दोघं एकत्र ते गाणं गायले तेव्हा कुठं मिटलं. 'एल कोंडोर पासा' तर लोकगीत समजून घेतलं आणि निघालं पेरूच्या दानिएल रोब्लेसनं १९१३ ला रचलेलं, मग त्याच्या पोराला कोर्टात जावं लागलं.

आमच्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव या बाबतीत हुशार, लावणीतच आपलं नाव ओवून टाकायचं, म्हणजे गाणाऱ्याला गिळता येत नाही. पण ढोलकीवर कोण होतं ते आपल्याला तरी कुठं माहितीय म्हणा.

'ग्रेसलँड'वर मात्र सायमन सुधारलेला दिसतो. त्यातल्या 'होमलेस' गाण्यावर दक्षिण आफ्रिकेच्या गायक जोसेफ शबालालाचं नाव बरोबरीनं आहे, 'द बॉय इन द बबल'वर लेसोथोच्या फोरेरे मोथलोहेलोआचं, त्याच्या अकॉर्डियननंच तर गाणं सुरू होतं.

तरी पण याच अल्बममधल्या 'यू कॅन कॉल मी अल' मधला बेस गिटारचा तो तुकडा ऐका, सगळे थांबतात आणि बेस वाजवणारा बकिथी कुमालो एकटाच घसरत खाली येतो. वाजवला अर्धाच, उरलेला अर्धा म्हणजे तीच टेप उलटी फिरवून जोडलेली. ऐकणारा माणूस गाण्याचे शब्द विसरतो पण हा तुकडा तोंडानं वाजवून दाखवतोच, आणि गीतकार-संगीतकाराच्या जागी नाव एकट्या सायमनचं.