मशीन थांबलेलं, तरी लोड चढतोय

एप्रिलमधली पुण्याची दुपार. उंदराच्या शेपटीतल्या टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर, स्ट्रेस रिलॅक्सेशनची चाचणी लावली होती. नमुना जरासा ताणायचा, क्रॉसहेड, म्हणजे मशीनचा ओढणारा सरकता भाग, लॉक करायचं आणि लोड (नमुना ग्रिपला ओढतो तो जोर) उतरताना बघत बसायचं. आधी तो भराभर उतरतो, मग रेंगाळतो. कंटाळवाणं काम. त्या दिवशी मात्र ग्राफ खाली जाऊन वळला आणि वर निघाला. बघता बघता सुरुवातीच्या लोडच्या तिप्पट झाला. क्रॉसहेड जागचं हललेलं नव्हतं.

शेजारचे सीनियर मान वर न करताच म्हणाले, "ड्रिफ्ट आहे रे. झीरो कर आणि परत लाव." ड्रिफ्ट म्हणजे यंत्राचा आकडा आपोआप सरकणं; आमच्याकडे न पटणाऱ्या प्रत्येक आकड्याला ड्रिफ्ट म्हणतात.

जोर मोजणारा लोड सेल मी आदल्याच दिवशी वजनं टांगून तपासला होता. नमुना धरणाऱ्या ग्रिपबद्दल तर शंकाच नव्हती. ओला टेंडन जबड्यात धरला तर निसटतो, आवळला तर तिथेच तुटतो. म्हणून मी दोन्ही टोकं टिपून घेऊन कागदी चौकटीवर सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाने चिकटवतो, मधला भाग सलाइनने भिजलेल्या कापसाखाली ठेवतो आणि चौकट मशीनवर चढली की तिच्या बाजू कात्रीने कापतो. कात्रीचा धक्का नमुन्याला लागता कामा नये. हात बसायला फार वेळ लागला. आणि ग्रिप सुटली तर लोड पडतो, चढत नाही.

वाकून पाहिलं तर चाचणीत नमुना ज्यात बुडलेला असतो त्या सलाइनच्या टाकीचं गॅस्केट पाझरत होतं. पाणी नमुन्याच्या खाली गेलेलं, वरून एसीचा थेट झोत. ओला असताना दुधी पांढरा दिसणारा टेंडन बारीक होऊन काचेसारखा झाला होता. ड्रॉपरने एक थेंब सोडला. लोड धाडकन खाली. थोड्या वेळाने परत चढायला लागला, तेव्हा सीनियर खुर्चीवरून उठले.

टेंडन मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचा. त्याचा रेणू म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ. मद्रासमध्ये रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 1954 मध्ये ही तिहेरी रचना मांडली. 1968 मध्ये रामचंद्रन आणि चंद्रशेखरन यांनी साखळ्यांमधले काही हायड्रोजन बंध पाण्याच्या रेणूमार्फत जुळतात असं सुचवलं. 1994 मध्ये कोलॅजेनसारख्या पेप्टाइडच्या स्फटिकात पिळाभोवतीचं हे पाणी प्रत्यक्ष दिसलं. म्हणजे पाणी हा रचनेचाच भाग. ते असतं तोवर रेणूच्या बाजूच्या शाखा हलत्या राहतात, तंतुक (टेंडनमधले बारीक धागे) एकमेकांवर सरकतात. ते गेलं की हालचाल गोठते, तंतू ताठ होतो आणि रेणू लांबीला टक्काभर आखडतो. टोकं मोकळी असती तर नुसता आखूड झाला असता. आम्ही ती बांधून ठेवलेली, म्हणून तो ग्रिपलाच ओढायला लागला. पॉट्सडॅमच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने 2015 मध्ये मोजलं, तेव्हा असा ताण जवळजवळ 100 मेगापास्कलपर्यंत गेला होता. आकुंचन पावणारा स्नायू साधारण 0.3 मेगापास्कलपर्यंत जातो. मेलेल्या शेपटीतला धागा, आणि जोर हा!

डोक्यातून जात नाही ती गोष्ट वेगळी आहे. आमच्या जुन्या नोंदींत सगळीकडे एकच वाक्य: 'नमुने ओलसर ठेवले होते.' ओलसर म्हणजे किती? कापूस कधी बदलला, एसी कुठे होता, जुलै होता की एप्रिल, कशाचीच नोंद नाही. पावसाळ्यातले टेंडन 'मऊ' निघाले म्हणून उंदरांच्या वयाला दोष देणारा एक तक्ता आमच्या अहवालात आहे. तो मी पुन्हा काढून बसलोय. वयं तर सारखीच दिसतायत.

सीनियर म्हणतात, हा ग्राफ 'खराब नमुना' म्हणून वगळ. मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलाय. आर्द्रता नियंत्रित ठेवणाऱ्या चेंबरची मागणी खरेदी विभागात तीन कोटेशनपायी अडकली आहे. बनवणारे सापडलेत दोनच, आणि नियमाला तिसरा हवाय.