स्विचबोर्डापाशी कोण उभं राहणार?

उपवासकाळाचा पाचवा रविवार उलटला की वसईतल्या चर्चांमधली युवक मंडळं नि गायकवृंद पवित्र आठवड्याच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्याच्या, कामवाटपाला बसतात. पापडी असो, निर्मळ असो, नंदाखाल असो, बैठकीची तऱ्हा सगळीकडे तीच. वाचनं कोण करणार, पाय धुवायला बारा जण कोण, क्रूस कोण धरणार, ही नावं झटपट ठरतात. वाद होतो तो शनिवारी रात्री मुख्य स्विचबोर्डापाशी कोण उभं राहणार यावर. मंडळात मुरलेला माणूस ते काम नव्याच्या हाती सहजासहजी देत नाही. कारण पुढे येईलच.

ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, कधी हे चंद्र ठरवतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, म्हणजे 22 मार्च ते 25 एप्रिल यांमध्ये कधीही. 2024 मध्ये 31 मार्च होता, 2025 मध्ये 20 एप्रिल, 2026 मध्ये 5 एप्रिल. मार्चात आला की परीक्षेची मुलं क्वायरमधून, म्हणजे गायकवृंदातून, गळतात नि सोप्रानोच्या (उंच पट्टीच्या) बाकावर तीनच मुली उरतात. एप्रिलच्या शेवटी आला की मुलं मिळतात, पण मेणबत्त्या वाकतात. पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती पत्र्याखालच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली तर आठवड्यात धनुष्य होते. ती सपाट फळीवर, गार जागी, आडवीच ठेवायची.

गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेत, पाय धुण्याचा विधी, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण. तयारी साधी, पण विसरायला सोपी: ठेंगणं स्टूल, परात, तांब्या, बारा टॉवेल आणि एक जाड फडकं. हे फडकं फरशीसाठी, कारण सहाव्या माणसापर्यंत लादी निसरडी झालेली असते आणि फादर गुडघ्यांवर सरकत असतात. बाराही जणांना आधीच सांगून ठेवावं लागतं की उजवा पाय पुढे करायचा. नाहीतर एक डावा पुढे करतो, मग पुढचे सगळे गोंधळतात. 2016 च्या आरंभी रोमहून परवानगी आल्यापासून या बारांत बायकाही बसू शकतात.

त्याच मिस्सेत ग्लोरिया, म्हणजे देवाच्या गौरवाचं गीत, गाताना घंटा वाजतात नि मग शनिवार रात्रीपर्यंत गप्प होतात. मधल्या काळात लाकडी टाळीचा कोरडा खटखटाट. वाद्यंही फक्त गाण्याला आधार देण्यापुरती, त्यामुळे एरवी कीबोर्डच्या आडोशाला लपणारा क्वायर तेव्हा उघडा पडतो. मिस्सेनंतर वेदीवरचं कापडसुद्धा काढून घेतात. पवित्र साक्रामेंत (पवित्र केलेली भाकर) दुसऱ्या वेदीवर नेऊन ठेवतात आणि तिथे मध्यरात्रीपर्यंत आराधना चालते. एकेका आळीला एकेक तास वाटून देतात. शेवटचा तास ज्यांना मिळतो त्यांची कुरकुर दरवर्षी ठरलेली.

शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मिस्सा नसतेच. दुपारी तीनच्या सुमाराला उपासना, आणि प्रभुभोजनात दिली जाते ती आदल्या दिवशी पवित्र केलेली भाकर. अडचण येते क्रुसाच्या वंदनाला. नियमाप्रमाणे क्रूस एकच ठेवायचा. हजारभर माणसं एका रांगेत सोडली तर तास जातो. म्हणून दोन्ही बाजूंनी दोन रांगा, दोघे क्रूस धरणारे, एक जण ओल्या नि कोरड्या रुमालानं पुसणारा. धरणाऱ्यांची जोडी दर दहा मिनिटांनी बदलायची. न बदलल्यास क्रूस हळूहळू खाली झुकतो नि म्हाताऱ्या माणसांना कमरेत वाकावं लागतं.

सगळा जीव मात्र शनिवारच्या रात्रीत, ईस्टरच्या जागरणविधीत. जुनी माणसं सांगत की पूर्वी हा विधी शनिवारी सकाळीच उरकायचा, उजेडात अग्नी पेटवायचा नि उजेडातच ‘अंधारातला प्रकाश’ म्हणायचं. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी तो पुन्हा रात्री करायला मोकळीक दिली आणि 1955 च्या फेररचनेत तेच सगळ्यांसाठी ठरलं. अंधार पडल्याशिवाय सुरुवात करायची नाही, हा दंडक तेव्हापासूनचा. पुढे 1962 ते 1965 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनच्या जागी मराठी आली, तेव्हा कुठे हा विधी गावाला खऱ्या अर्थानं कळला.

नवा अग्नी चर्चच्या दारासमोर पेटवतात. लोखंडी घमेलं, तळाशी दोन बोटं वाळू, त्यावर नारळाची सुकी सोडणं, मध्ये कापूर. रॉकेल ओतायचा मोह होतो, तो आवरायचा: धूर काळा निघतो, वास धूपावर मात करतो आणि ज्वाळा पुरुषभर उठली की मेणबत्ती पेटवायला जवळ जाता येत नाही. धुपाटण्यातले निखारे याच अग्नीतून घ्यायचे असतात, म्हणून कोळशाचे चार तुकडे कडेला आधीच पुरून ठेवायचे. वारा समुद्राकडून येतो. मंडळातली उंच मुलं पश्चिमेला पाठ करून उभी केली की काम भागतं.

पास्काची मेणबत्ती दरवर्षी नवी, एकच आणि मेणाचीच. आत तेलाची नळी घातलेली प्लास्टिकची चालत नाही. गेल्या वर्षीचीच खरडून तिच्यावर नवा आकडा डकवायची काटकसरही चालत नाही. तिच्यावर क्रूस कोरतात, वर अल्फा, खाली ओमेगा (ग्रीक वर्णमालेचं पहिलं नि शेवटचं अक्षर) आणि क्रुसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे. मग क्रुसाच्या आकारात धूपाचे पाच दाणे, येशूच्या पाच जखमांचे. दाणे मेणाच्या खिळ्यांत बसवलेले असतात, त्यांची भोकं सकाळीच गरम सुईनं पाडून ठेवावीत. अंधारात, वाऱ्यात नि सगळ्या गावासमोर भोकं पाडायला गेलं की मेण तडकतं. कोरी वात चटकन धरत नाही, म्हणून ती दुपारी एकदा मिनिटभर पेटवून विझवायची.

मग मिरवणूक. तीनदा थांबायचं, तीनदा ख्रिस्ताच्या प्रकाशाचा गजर, एक दारात, एक मध्यावर, एक वेदीपुढे. दुसऱ्या गजरानंतर लोकांच्या मेणबत्त्या पेटत जातात. इथे एकच नियम, तो दरवर्षी माइकवरून सांगतात नि दरवर्षी मोडला जातो: पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची, न पेटलेली तिच्याकडे कलवायची. उलटं केलं की मेण पुढच्या बाईच्या नव्या साडीवर. पुठ्ठ्याची चकती चार बोटं रुंद हवी. फरशीवरचं मेण दुसऱ्या दिवशी बर्फ लावून पत्र्यानं खरवडायचं, कापडावरचं वर्तमानपत्र ठेवून इस्त्रीनं काढायचं.

या सगळ्यात पंखे बंद. ज्योती विझू नयेत म्हणून एप्रिलच्या उकाड्यात भरलेल्या चर्चमध्ये पंखे बंद! पास्काचं स्तुतिगीत दहा मिनिटं चालतं, साथीशिवाय, एकट्या डीकनच्या (फादरच्या खालच्या पायरीचा धर्मसेवक) किंवा गायकाच्या गळ्यावर. सुरुवातीचा सूर उंच धरला की मधमाश्यांच्या कष्टांचा उल्लेख येईपर्यंत घसा बसलेला असतो. मग वाचनं: पूर्ण क्रम नऊंचा, सात जुन्या करारातली, दोन नव्यातली. जुन्या करारातली कमी करता येतात, पण तांबडा समुद्र ओलांडण्याचं वगळता येत नाही. कितीतरी ठिकाणी ग्लोरियापर्यंत अंधारच ठेवतात, म्हणून वाचनपीठाला छोटी बॅटरी चिकटपट्टीनं बांधायची. वाचकानं हातात धरलेली बॅटरी पान उलटताना हमखास पडते.

शेवटचं जुन्या करारातलं वाचन संपलं की ग्लोरिया. दोन दिवस मुक्या असलेल्या घंटा, वेदीसेवकांच्या हातातल्या घंट्या, कीबोर्ड, सगळं एकदम. आणि दिवेही. आता स्विचबोर्डवाला. उत्साहात त्यानं सगळी बटणं एका फटक्यात दाबली, हॅलोजन, झुंबरं, बाहेरची रोषणाई, पंखे, तर एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) पडतो. चर्च पुन्हा काळोखात, माइक मेला, नि घंटा मात्र वाजताहेत. म्हणून क्रम ठरलेला: आधी वेदी, मग मधला भाग, मग बाजूचे, बाहेरचे शेवटी. पंखे लोकांनी मेणबत्त्या विझवल्यावरच. माइकची लाइन वेगळ्या फेजवर असावी. पुढे आलेलुया (‘देवाची स्तुती करा’) फादर तीनदा उचलतात, दर खेपेला एक पायरी वर. संपूर्ण उपवासकाळात तो शब्द तोंडावर आलेला नसतो, त्यामुळे पहिल्यांदा आवाज दबकाच निघतो.

मिस्सा सुटल्यावर पवित्र पाण्यासाठी झुंबड. पिंप टेबलावर चढवून दोन नळ बसवले तर बाटल्या लवकर भरतात. अंगणात ‘ईस्टरच्या शुभेच्छा’ म्हणत माणसं अर्धा तास हलत नाहीत, केक नि चहा मंडळाकडून.

घरी फुग्यांचं, म्हणजे तेलात तळायच्या गोल पावांचं, पीठ तोवर टोपाबाहेर आलेलं असतं. एक किलो मैदा, तीन अंडी, एका मोठ्या नारळाचं दाट दूध, मूठभर साखर, मीठ, दहा ग्रॅम यीस्ट (पूर्वी ताजी ताडी) आणि लागेल तसं कोमट पाणी. पीठ सैल हवं, मुठीतून अंगठा नि तर्जनीमधून पिळलं की गोळा सुटला पाहिजे. घट्ट झालं तर फुगा तेलात आपोआप उलटत नाही. तेल फार तापलं तर वरून लाल, आत कच्चा. डुकराच्या मांसाचं इंद्याल (आंबट-तिखट कालवण) शनिवारीच करून ठेवायचं, मसाला व्हिनेगरमध्येच वाटायचा, पाण्याचा थेंब नको. मातीचं भांडं उत्तम, ॲल्युमिनियममध्ये आंबटाला कळकट चव येते. रविवारी दुपारी माहेरवाशिणी मुलांसह येतात नि मार्झिपानच्या अंड्यांवरून भांडणं होतात.

मेणबत्ती मात्र पन्नास दिवस, पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत), वेदीजवळच्या स्टँडवर राहते. नंतर ती बाप्तिस्माकुंडाजवळ जाते. बाळाची छोटी मेणबत्ती तिच्यावरून पेटवतात आणि मयताला तीच पेटीशेजारी उभी करतात. ज्या वर्षी मयतं जास्त, त्या वर्षी नाताळ येईपर्यंत ती इतकी खाली येते की वर्षाचे आकडे वितळू लागतात, नि पुढच्या खेपेला तीन इंच उंच मागवायची अशी नोंद मंडळाच्या वहीत होते.