मॅलाकाइटच्या दालनात सांधे शोधताना

सेंट पीटर्सबर्गमधील माझ्या चार दिवसांपैकी तीन दिवस पावसात आणि पायदुखीत गेले. चौथ्या दिवशी हर्मिटाज संग्रहालयात, म्हणजे पूर्वीच्या हिवाळी राजवाड्यात, मी मॅलाकाइट दालनापाशी पोहोचलो आणि पुढची दालने पाहायची राहूनच गेली. १८३७च्या आगीनंतर वास्तुविशारद अलेक्सांद्र ब्र्यूलोव यांनी सजवलेल्या या दालनात मॅलाकाइटचे आठ हिरवेगार खांब आहेत. तांब्याच्या या खनिजाचे एवढे अखंड दगड उरलमधून आणले तरी कसे असतील, या विचारात मी असतानाच, शेजारच्या गटाची वाटाडी बाई सहज सांगून गेली की खांब अखंड नाहीतच. दगडाचे काही मिलिमीटर जाडीचे काप आतल्या गाभ्यावर चिकटवलेले आहेत.

खरे सांगायचे तर मला फसवल्यासारखे वाटले. मग मी चिडूनच सांधे शोधू लागलो. मागून येणारे गट धक्के देत होते आणि छायाचित्रे काढून दोन मिनिटांत निघून जात होते, त्याचा मला फार राग आला. गडद हिरव्या वलयाला लागून फिकट वलय, त्याला लागून जवळजवळ काळी रेघ, आणि ती रेघ एका कापावरून दुसऱ्यावर अशी वळत गेलेली की काप कुठे संपला ते कळू नये. फटींतले लुकणसुद्धा मॅलाकाइटच्याच भुकटीचे असते. अर्ध्या तासात मला एकही सांधा खात्रीने दाखवता आला नाही. अखंड खांबापुढे मी इतका वेळ नक्कीच थांबलो नसतो.

बाहेर येऊन मी याच पद्धतीची एक छोटी डबी घेतली. रात्री हॉटेलात चहातली लिंबाची फोड तिच्या झाकणावर ठेवून मी झोपी गेलो. मॅलाकाइट हे तांब्याचे कार्बोनेट असल्यामुळे आम्लाने झिजते, हे मला ठाऊक असूनही हा गाढवपणा घडला. सकाळी टिकलीएवढा निस्तेज डाग दिसला, तो घालवायला मी टूथपेस्ट चोळली आणि मोहस मापनावर जेमतेम ३.५ ते ४ कठीणता असलेल्या त्या दगडाची भोवतालची चमकही उतरवली. त्या डागाच्या मधोमध आता केसाएवढी एक सरळ रेघ स्पष्ट दिसते. तो सांधा आहे.