सोलवँगचे आप्पे

मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो तेव्हा एका रविवारी त्याने सोलवँगला नेलं, मिडवेस्टच्या थंडीला कंटाळलेल्या डॅनिश लोकांनी १९११ मध्ये वसवलेलं गाव, पवनचक्क्या काय, कोपनहेगनच्या जलपरीची कॉपी काय, सगळं आहे. (हा डॅनिश थाट बराचसा दुसऱ्या महायुद्धानंतरचा, टुरिस्ट यायला लागले ना!) पण खरी गंमत 'एबलस्कीवर' नावाच्या डॅनिश पदार्थाची, म्हणजे चक्क आपले आप्पेच की हो! तसंच खळग्यांचं बिडाचं पात्र, तसंच टोचून उलटवणं, फक्त वर पिठीसाखर आणि रास्पबेरी जॅम. ही म्हणाली, "आप्पेच खायचे होते तर नाशिक काय वाईट होतं?" त्यात आजूबाजूला द्राक्षमळे आणि वायनऱ्या, मला तर गंगापूर धरणाकडे आल्यासारखंच वाटत होतं. प्लेट मात्र तिनेच संपवली.