ब्रूस्टर अव्हेन्यूला जाताय? टॅक्सी सोडू नका

जाताना १४ डॉलर, येताना ४१. रस्ता तोच, गाडीही तसलीच. फक्त तेवढ्यात गावात बेसबॉलचा सामना सुटला आणि टॅक्सीच्या ॲपने भाव जवळजवळ तिप्पट केला. तेव्हा किंग रेकॉर्ड्स या जुन्या रेकॉर्ड कंपनीची इमारत बघायला अमेरिकेतल्या सिनसिनाटीत १५४०, ब्रूस्टर अव्हेन्यूला गेलात तर टॅक्सीवाल्याला थांबवूनच ठेवा. दहा मिनिटं पुरतात.

पुरतात, कारण आत जाताच येत नाही. एका व्हिडिओवर विसंबून मी म्युझियमच्या तयारीने गेलो होतो. तिथे कुलूप, फळ्या ठोकलेल्या खिडक्या आणि बाहेर २००८ साली लावलेला फलक. किंग रेकॉर्ड्सचं एवढंच दर्शन. पैसे वाचवायचे म्हणून माँटगोमेरी रोडला उतरून चालत जाऊ नका. जुलैच्या उन्हात सावली नाही, पाणी नाही, आणि शेवटी हायवे अंगावर येतो. माझा शर्ट पिळून निघाला.

सिड नेथनने १९४३ मध्ये कंपनी काढली. या जुन्या बर्फाच्या कारखान्यातच रेकॉर्डिंग, तबकड्यांची छपाई, लेबलं, पॅकिंग सगळं व्हायचं. इथल्या गायकांत माझा लाडका वायनोनी हॅरिस, काळा ब्लूज गायक. रॉय ब्राउन हा दुसरा गायक आपलं ‘गुड रॉकिंग टुनाइट’ घेऊन आधी याच्याकडे आला होता, याने झिडकारलं. ब्राउनने ते स्वतः गायलं, चाललं, तेव्हा हॅरिससाहेबांना जाग आली. २८ डिसेंबर १९४७ ला सिनसिनाटीत रेकॉर्डिंग उरकलं, कारण १ जानेवारीपासून वादकांच्या संघटनेची रेकॉर्डिंगबंदी लागू होत होती. मूळ गाणं मागे पडलं आणि १९४८ मध्ये हॅरिसचं काळ्या श्रोत्यांच्या संगीताच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं. ब्राउनचा गळा जास्त गोड, हे मान्य. पण हॅरिसच्या रेकॉर्डमध्ये दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर टाळ्या पडतात ना, तिथेच सौदा पटतो.

ते गाणं मी फलकाखाली उभं राहून लावलं. आय-७१ हायवेचा घोंघाट इतका की हेडफोनचा आवाज पूर्ण चढवूनही बास गायब, टाळ्याही अर्ध्याच. गळा मात्र शब्दन् शब्द येत होता. पुन्हा लावलं. मग त्याचंच ‘ब्लडशॉट आइज’. मूळ गाणं किंगच्याच हँक पेनी या गोऱ्या कंट्री गायकाचं. नेथन एकच गाणं गोऱ्या आणि काळ्या दोन्ही गिऱ्हाइकांना विकायचा.

नदीकाठचे दोन दिवस मजेत गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. केवळ या इमारतीसाठी मुद्दाम वाट वाकडी करू नका. पाण्याची बाटली आणि चांगले हेडफोन मात्र घ्या. दहा मिनिटं म्हणालो खरा, पण मी तिथे पाऊण तास उभा होतो. सामना त्यातच सुटला.